लेख सगळ्यांचा, फोटो कुणाचा? मराठी विकिपीडियावरच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे नव्याने लिहू लागलेल्यांच्या तक्रारी आजही मुख्यतः दोनच असतात: ‘माझा मजकूर उडवला’ आणि ‘माझा फोटो उडवला’. राग दोन्हींचा सारखाच येतो, पण सोडवण्याची रीत वेगळी आहे. मजकुराचा वाद संदर्भ आणि चर्चा यांतून सहमतीने मिटतो. फोटोच्या प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, वाद सहमतीने मिटत नाही. पन्नास जणांनी कौल दिला म्हणून दुसऱ्याचा फोटो आपला होत नाही. एका वादाची रीत दुसऱ्याला लावली की भांडण महिनोन्महिने चालते.

मजकुराचे वाद

माझे संपादन उलटवले गेले. कुणी आणि का, हे कुठे कळेल?

लेखाच्या वरच्या बाजूला ‘इतिहास’ असतो. प्रत्येक बदल, त्याची वेळ, करणाऱ्याचे नाव आणि बदलाचा सारांश तिथे असतो. दोन आवृत्त्यांमधला फरक उघडून पाहा. बहुतेक वेळा कारण सारांशातच सापडते: संदर्भ नाही, जाहिरात, नकल-डकव (कॉपी-पेस्ट). सारांश रिकामा असेल तर त्या सदस्याच्या चर्चा पानावर विचारा. विचारताना ‘का उडवलंत?’ यापेक्षा ‘यात काय कमी होतं?’ असे विचारलेत तर उत्तर लवकर मिळते, असा अनुभव आहे.

मग मी तो मजकूर परत टाकू का?

नको. आधी चर्चा पान. तुम्ही टाकायचे, त्याने काढायचे, पुन्हा तुम्ही टाकायचे, याला संपादन युद्ध म्हणतात आणि त्यात बरोबर असलेल्याचीही बाजू पडते. इंग्रजी विकिपीडियावर तर २४ तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला प्रतिबंध होऊ शकतो, मग त्याचे म्हणणे कितीही खरे असो. मराठीत संपादक थोडे असल्यामुळे असे प्रकार ओळखीतून निभावून नेले जातात, पण त्यावर विसंबू नका. मुख्य अपवाद दोन: उघड उत्पात, म्हणजे शिवीगाळ किंवा अख्खे पान पुसणे, आणि जिवंत व्यक्तीविषयी संदर्भाशिवाय लिहिलेला बदनामीकारक मजकूर. हे दोन्ही लगेच काढावे.

चर्चा पानावर काय लिहायचे?

वादातले वाक्य, तुम्हाला हवा तो बदल आणि त्याचा संदर्भ. शेवटी चार टिल्ड चिन्हे (~~~~), म्हणजे सही आणि वेळ आपोआप उमटते. समोरच्याची जात, पक्ष, गाव किंवा शिक्षण यांतले काहीही नको. ‘मी या विषयात पीएच.डी. केली आहे’ हेही नको. तिथे तुमची पदवी तपासायची सोय नाही, तुमचा संदर्भ मात्र तपासता येतो. विद्वानांना हे अपमानास्पद वाटते आणि कित्येक जण पहिल्याच आठवड्यात निघून जातात. ते नुकसानच आहे. पण पदवी बघून मजकूर ठेवायचा तर पदवी खरी की खोटी हे बघणारा माणूस नेमावा लागेल, आणि मग तो खुला ज्ञानकोश राहणार नाही.

दोन्ही बाजूंकडे संदर्भ असतील तर?

मग दोन्ही लिहायचे, आणि कोण काय म्हणतो ते सांगून लिहायचे. शिवजयंतीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र शासनाने फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख मानली आहे. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७ ही तिथी मानणारेही आहेत. ज्ञानकोशाचे काम या वादाचा निकाल लावणे नाही. कोणत्या साधनाच्या आधारे कोणती तारीख सांगितली जाते, शासनाने कोणती स्वीकारली, आणि आज अभ्यासकांत कोणत्या मताला जास्त पाठिंबा आहे, हे वाचकापुढे ठेवले की लेखाचे काम झाले.

तटस्थ दृष्टिकोन म्हणजे मात्र प्रत्येक मताला सारखी जागा नव्हे. दहा इतिहासकारांचे मत आणि एका प्रचारपत्रकातले मत यांना समान परिच्छेद देणे हाही पक्षपातच. आणि कागदपत्रे स्वतः वाचून काढलेला नवा निष्कर्ष कितीही चमकदार असला तरी तो आधी दुसरीकडे प्रसिद्ध व्हायला हवा. इथे मूळ संशोधन चालत नाही.

‘तो जन्मला’ की ‘ते जन्मले’? ‘महाराज’ लावायचे की नाही?

इंग्रजीत हा वाद निम्माच आहे, कारण तिथे क्रियापद आदर दाखवत नाही. मराठीत क्रिकेटपटूला ‘तो’, गायिकेला ‘त्या’ आणि गुन्हेगाराला पुन्हा ‘तो’ असे आपण न ठरवता लिहून जातो, आणि त्यातच लेखाची बाजू उघडी पडते. व्यवहार्य मार्ग असा की एका लेखात एकच रीत ठेवावी आणि केवळ तेवढ्यासाठी दुसऱ्याचा लेख बदलत सुटू नये. बिरुदे, म्हणजे परमपूज्य, लोकनेते, सम्राट वगैरे, पहिल्या वाक्यातून काढलेलीच बरी. पण एखादे नाव बिरुदासकटच रूढ असेल, लोकमान्य टिळकांसारखे, तर ते नावाचाच भाग झालेले असते. तिथे काटछाट करून तटस्थता साधत नाही, नुसता हट्ट दिसतो.

गावांच्या नावांचे काय?

२०२३मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव. नवे अधिकृत नाव शीर्षकात, जुन्या नावाकडून पुनर्निर्देशन (जुने नाव शोधले तरी नव्या पानावर नेणारा दुवा), आणि नामांतराचा इतिहास लेखात, इतके केले की बाकी भांडायला फारसे उरत नाही. समजा १९५६मध्ये घडलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना मात्र त्या काळचे नाव वापरा. बेळगावची गोष्ट जरा वेगळी: कर्नाटकाने २०१४पासून अधिकृत नाव बेळगावी केले, पण मराठी वाचक आणि मराठी छापील साहित्य बेळगावच लिहिते. मराठी ज्ञानकोशाचे शीर्षक मराठीतल्या वापरावरून ठरावे आणि अधिकृत नाव पहिल्याच वाक्यात यावे, असे माझे मत. वेगळे मत असणारे आहेत आणि त्यांची चर्चा पाने लांबलचक आहेत.

प्रचालक निकाल देतील ना?

मजकूर कोणता खरा, याचा नाही. प्रचालकाला, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या संपादकाला, पान सुरक्षित करता येते, सदस्याला प्रतिबंध करता येतो, पान वगळता येते. पण लेखात काय असावे याबाबत त्याचे मत तुमच्या मताइतकेच. प्रचालकाने पान सुरक्षित केले की हमखास ‘चुकीच्या आवृत्तीला कुलूप लावलं’ अशी तक्रार येते. कुलूप ज्या आवृत्तीवर लागते ती कुणाला तरी चुकीचीच वाटणार. ते भांडण थांबवण्यासाठी असते, पसंतीची पावती म्हणून नव्हे.

चर्चा पानावर कुणी उत्तरच देत नाही. पुढे काय?

आठवडाभर थांबा, मग चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, मांडा. थोडक्यात मांडा, दुवा द्या. त्या विषयावर पूर्वी लिहिलेल्या एखाद्या तिऱ्हाईत सदस्याचे मत मागा. इंग्रजी विकिपीडियावर आहे तशी लवाद समिती मराठीत नाही, त्यामुळे चावडी हाच बहुतेक वादांचा शेवटचा थांबा. प्रचालकाच्याच वागण्याबद्दल तक्रार असेल आणि स्थानिक पातळीवर काही होत नसेल, तर मेटा-विकीवर, म्हणजे सगळ्या विकिप्रकल्पांच्या समन्वयाच्या संकेतस्थळावर, जाता येते. तिथे वैश्विक आचारसंहितेखाली छळ आणि अधिकारांचा गैरवापर यांची दखल घेतली जाते. ‘या वाक्यात कोणता शब्द असावा’ हे विचारायला मात्र तिथे जाऊ नका.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मित्रांना बोलावले तर?

उलटे होते. एकाच दिवशी तयार झालेली आठ खाती एकाच वाक्याच्या बाजूने बोलू लागली की कुणालाही कळते. सहमती मतमोजणीने ठरत नाही, मुद्द्यांनी ठरते. एकाच माणसाने अनेक खाती काढली असतील तर तांत्रिक तपासणीत ते उघडही होते.

लेख माझ्या वडिलांबद्दल आहे आणि त्यात चूक आहे. मी दुरुस्त करू?

चर्चा पानावर लिहा, नाते सांगा, संदर्भ द्या. तारखेची चूक असेल तर कुणीही दुरुस्त करेल. ‘थोर समाजसेवक’ हे शब्द घालायचे असतील तर संदर्भ मागितला जाईल आणि तो कुटुंबाबाहेरचा लागेल.

कायदेशीर नोटिशीची धमकी दिली तर वाद लवकर संपेल का?

न्यायालयात जाण्याचा हक्क तुमचा आहेच. पण एकीकडे नोटिशीची भाषा आणि दुसरीकडे संपादन, असे इंग्रजी विकिपीडियावर चालत नाही. धमकी मागे घेईपर्यंत प्रतिबंध होतो. प्रकरणे खरोखर कचेरीपर्यंत जातात हेही खरे. फेब्रुवारी २०२५मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांनी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्या खटल्याविषयीचे विकिपीडियावरचे पान न्यायालयाच्या आदेशावरून ऑक्टोबर २०२४मध्ये उतरवावे लागले, आणि मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणून संवेदनशील विषयावर लिहिताना प्रत्येक वाक्याला पुस्तक आणि पृष्ठ क्रमांक द्या. चर्चेत तोच उपयोगी पडतो, आणि इतरत्रही.

चित्रांचे वाद

गूगलवर सापडलेला फोटो का चालत नाही?

कारण सापडणे म्हणजे मोकळा असणे नव्हे. विकिपीडियावरची बहुतेक चित्रे विकिमीडिया कॉमन्स या सामाईक चित्रसंग्रहावर असतात आणि तिथे फक्त मुक्त परवान्याची किंवा प्रताधिकार संपलेली चित्रे ठेवतात. मुक्त म्हणजे कुणालाही, कशासाठीही, व्यापारासाठीसुद्धा. ‘फक्त विकिपीडियाने वापरावा’ अशी परवानगी किंवा ‘व्यापारी वापर नको’ ही अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना तिथे चालत नाही.

फोटो मीच काढला आहे, तरी शंका का?

तुम्ही तो बहुधा व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतीतून चढवला. व्हॉट्सअॅप चित्र लहान करते आणि कॅमेऱ्याची अंतर्गत नोंद पुसून टाकते. फेसबुकवरून उतरवलेल्या चित्रात फेसबुकची खूण राहते. तपासणाऱ्याला दिसते ते एवढेच: लहान चित्र, नोंद नाही, आणि तेच चित्र दुसऱ्या संकेतस्थळावर आधीपासून. फोनमधली मूळ, पूर्ण आकाराची फाइल चढवा. निम्म्या शंका तिथेच मिटतात.

कॅमेरा माझा म्हणजे फोटो माझा?

नाही, फोटो काढणाऱ्याचा. रायगडावर तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात फोन दिलात आणि त्याने तुमचा फोटो काढला, तर काटेकोरपणे कर्ता तो. या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला नमुना इंडोनेशियातला: २०११मध्ये एका ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची कळ माकडाने दाबली. चित्र कॉमन्सवर आले, छायाचित्रकाराने ते काढायला सांगितले, विकिमीडियाने नकार दिला. माणसाने काढलेला नसेल तर प्रताधिकारच नाही, ही त्यांची भूमिका. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानेही २०१४मध्ये प्राण्याने केलेल्या कृतीची नोंद करता येत नाही असे स्पष्ट केले. ते चित्र कॉमन्सवर राहिले.

आजोबांचा जुना स्टुडिओतला फोटो आमच्या घरात आहे. तो आमचा की स्टुडिओचा?

याचे उत्तर बरेच जण अमेरिकी पद्धतीने देतात आणि चुकतात. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७च्या कलम १७नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे आजोबांनी पैसे देऊन फोटो काढवला असेल तर हक्क आजोबांचा आणि नंतर वारसांचा. पण सभेत, लग्नात किंवा वर्तमानपत्रासाठी कुणी आपणहून काढलेल्या फोटोला हे लागू नाही. त्याची प्रत तुमच्या अल्बममध्ये असली तरी हक्क अल्बमबरोबर येत नाही. चढवताना ‘माझे स्वतःचे काम’ असे लिहू नका. वगळण्याचे ते नेहमीचे कारण असते. कुणी काढला, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, जे माहीत आहे ते लिहा. वारसदार म्हणून परवाना देत असाल तर तो ईमेलने नोंदवा (रीत पुढे दिली आहे).

जुना म्हणजे किती जुना?

इथे जरा हिशेब आहे. १९५७चा कायदा २१ जानेवारी १९५८ला अमलात आला. त्याआधी काढलेल्या फोटोंचा प्रताधिकार काढल्यापासून ५० वर्षांनी संपतो, म्हणजे ते सगळे भारतात मोकळे झाले आहेत. नंतरच्या फोटोंना प्रकाशनापासून ६० वर्षे अशी मुदत होती. २०१२च्या दुरुस्तीने फोटोंची वेगळी तरतूद काढली आणि त्यांनाही कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा सर्वसाधारण नियम लागू झाला.

त्यात कॉमन्सची आणखी एक अट: चित्र मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मोकळे हवे. १ जानेवारी १९९६ रोजी जी परदेशी कामे आपापल्या देशात संरक्षित होती, त्यांना अमेरिकेने पुन्हा संरक्षण दिले. म्हणून १९४६च्या आधीचा भारतीय फोटो निर्धास्त चालतो, कारण त्याची ५० वर्षांची मुदत त्या तारखेआधीच संपली होती, पण १९५०चा फोटो भारतात मोकळा असून कॉमन्सवर अडकू शकतो. हे तर्कट वाटते. तर्कटच आहे, पण चावडीवर ठराव करून ते बदलता येत नाही.

चित्रकारांच्या चित्रांना हाच नियम का?

कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले, प्रश्नच नाही. म. वि. धुरंधर १९४४मध्ये गेले. भारतात त्यांची चित्रे १ जानेवारी २००५पासून मोकळी, मात्र नंतरच्या काळात प्रकाशित झालेल्या चित्रांना वरची अमेरिकी अट तपासावी लागते. दीनानाथ दलाल १९७१मध्ये गेले, म्हणजे दिवाळी अंकांची ती देखणी मुखपृष्ठे १ जानेवारी २०३२पर्यंत थांबतील. वारली चित्रकला परंपरागत आहे, पण जिव्या सोमा मशे यांनी काढलेले चित्र त्यांचे आहे, आणि ते २०१८मध्ये गेले. ‘पारंपरिक कला आहे, कुणाचीच नाही’ हा युक्तिवाद वारंवार येतो आणि वारंवार फेटाळला जातो.

शिवरायांच्या लेखात कॅलेंडरवरचे चित्र लावण्यावरूनही असेच होते. सतराव्या शतकातली चित्रे उपलब्ध आहेत, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे तसे. ती मोकळी आहेत आणि महाराजांच्या काळाच्या जवळचीही.

पुतळे, भित्तिचित्रे, गणपती यांचे फोटो?

त्याच प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२नुसार सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा आणि इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. चौकातला पुतळा चालतो. भिंतीवरचे रंगवलेले चित्र मात्र या सवलतीत येत नाही, कारण ती शिल्पांना आणि कलाकुसरीच्या कामांना आहे, चित्रांना नाही. सिनेमाचा होर्डिंगही नाही. आणि सार्वजनिक गणपती? अनंत चतुर्दशीला विसर्जन होणाऱ्या मूर्तीला ‘कायमस्वरूपी’ म्हणणे अवघड आहे. कुणी मूर्तिकाराने हरकत घेतल्याचे फारसे दिसत नाही, पण एकाच मूर्तीचा जवळून काढलेला फोटो आणि मिरवणुकीचे दृश्य यांत दुसरा पर्याय सुरक्षित.

सरकारी संकेतस्थळावरचा फोटो जनतेचाच ना?

कर जनतेचा, फोटो सरकारचा. सरकारी कामालाही ६० वर्षांचा प्रताधिकार असतो. केंद्र सरकारच्या खुल्या विदा (डेटा) परवान्याखाली दिलेली चित्रे चालतात. त्या त्या पानावर परवाना पाहून घ्या.

मराठी कलाकारांचे फोटो मिळतच नाहीत. पोस्टर लावू?

पोस्टर कॉमन्सवर चालत नाही. बॉलिवूड हंगामा या संकेतस्थळाने आपल्या छायाचित्रकारांनी समारंभांत आणि पार्ट्यांत काढलेले फोटो मुक्त परवान्याखाली दिले आहेत. म्हणूनच इतक्या नटनट्या विकिपीडियावर कुठल्यातरी समारंभाच्या फलकासमोर उभ्या दिसतात. त्याच संकेतस्थळावरची पोस्टर आणि चित्रपटातली दृश्ये त्या परवान्यात नाहीत. सर्वांत चांगला उपाय जुनाच: नाट्यगृहात प्रयोग संपल्यावर कलाकाराला विचारून स्वतः फोटो काढा.

छायाचित्रकाराने फोनवर ‘वापरा’ म्हटले आहे. पुरेसे नाही?

नाही. त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून विकिमीडियाच्या स्वयंसेवक प्रतिसाद संघाला लिहावे: कोणती संचिका (फाइल), कोणता परवाना, आणि हक्क आपलाच असल्याचे निवेदन. मसुदा कॉमन्सवर तयार मिळतो. पाठवण्याआधी त्यांना स्पष्ट सांगा की हा फोटो उद्या एखाद्या जाहिरातीतही दिसू शकेल. हे न सांगता परवानगी घेणे मला अप्रामाणिक वाटते, आणि बहुतेक तंटे नंतर तिथूनच निघतात.

वगळण्याची सूचना आली. किती वेळ आहे?

उघड उल्लंघन असेल तर लगेच वगळले जाते. नेहमीच्या चर्चेला निदान सात दिवस मिळतात. तिथे ‘हा फोटो लेखासाठी फार महत्त्वाचा आहे’ असे लिहून उपयोग नाही. महत्त्व हा प्रताधिकाराचा पुरावा नव्हे. कुणी काढला, कधी काढला, पहिल्यांदा कुठे छापला, एवढेच लिहा. मराठीत लिहिले तरी चालते, सोबत इंग्रजी सारांश दिला तर निर्णय लवकर होतो.

लेखातून माझे चित्र काढणारा ‘कॉमन्सडीलिंकर’ कोण आहे? त्याला प्रतिबंध करा!

तो सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारा संगणकीय बॉट, आहे. कॉमन्सवर चित्र वगळले की जगभरच्या विकिपीडियांतून त्याचा दुवा काढत फिरतो. त्याच्या चर्चा पानावर रागावून उपयोग नाही. सारांशात वगळणाऱ्या प्रचालकाचे नाव आणि कारण दिलेले असते, तिकडे जा.

एआयने बनवलेले ऐतिहासिक चित्र तर कुणाचेच नाही ना?

कदाचित. पण ज्यांचे एकही समकालीन चित्र नाही अशा सरदाराला यंत्राने दिलेला चेहरा ज्ञानकोशात लावणे म्हणजे बनावट संदर्भ देणे. हा वाद प्रताधिकाराचा नाही, पडताळणीचा आहे.

वगळलेले चित्र कायमचे गेले?

सहसा नाही. ते लोकांना दिसत नाही, इतकेच. पुरावा मिळाला तर परत आणण्याची विनंती करता येते. मुदत कधी संपणार हे ठाऊक असेल तर कॉमन्सवर ‘अमुक वर्षी परत आणा’ अशा वर्गात त्याची नोंदही ठेवतात.

माझा कॉमन्सवरचा फोटो वर्तमानपत्राने नाव न देता छापला. तक्रार करता येईल?

येईल, आणि ती तुम्हीच करायची. हक्क तुमच्याकडेच आहे, विकिमीडियाकडे नाही. तुमच्या परवान्यात बहुधा श्रेय देण्याची अट असते. संपादकांना छापलेल्या पानाची प्रत आणि मूळ दुवा पाठवा, आणि तुमचे नाव व परवाना यांसह शुद्धिपत्र मागा. ‘सौजन्य: विकिपीडिया’ एवढे छापले असेल तरी ते पुरत नाही. फोटो तुमचा, तर नाव तुमचे हवे.